तीन ठिपक्यांचं कार्ड

“रेघा उभ्या होत्या का आडव्या, एवढंच विचारतोय मी.”

“मेव्हणे, रेघा त्या रेघा. मी काय तिथं फूटपट्टी घेऊन बसतो का?”

“दाजी, डॉक्टरकडे गेल्यावर पोट दुखतंय का डोकं, तेवढं तरी सांगतो ना माणूस?”

“सांगतो की. पण डॉक्टर आधी बसायला देतो.”

रबऱ्यानं स्टुलावरची कीबोर्डांची चवड उचलून जमिनीवर ठेवली आणि स्टूल बहिणीच्या नवऱ्याकडे सरकवलं. दाजींनी पोत्यात गुंडाळून आणलेला कॉम्प्युटर टेबलावर टेकवला आणि हुश्श करून बसले. पोतं सोडल्याबरोबर दुकानभर एक उग्र वास सुटला. नाकात शिरून डोळ्यांत पाणी आणणारा. दाजी बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवायचे आणि हा अमोनियाचा वास त्यांच्या शर्टाला, केसांना, घरातल्या उशीलाही होता. त्यांना स्वतःला तो कधीच येत नसे.

“उभ्या,” दाजी जरा आठवून म्हणाले. “हिरव्या आणि जांभळ्या. सकाळी लावला की वीस मिनिटं गुणी बाळ. मग रेघा. मग अक्षरांचे तुकडे पडतात, आकडे अर्धे इकडे अर्धे तिकडे. मग बंद.”

“बंद म्हणजे पडदा काळा होतो? का चित्र आहे तसंच राहतं?”

“कधी काळा होतो. कधी तसंच राहतं. माऊस हलवला तरी हलत नाही.”

टेबलाच्या खणातून शाळेतल्या पोरांचं असतं तसलं खोडरबर काढून रबऱ्यानं पँटीला पुसलं.

त्याचं नाव पडलं होतं ते यावरूनच. आईबापानं ठेवलेलं नाव मतदारयादीत असेल तेवढंच. बाकी सगळ्या पेठेला तो रबऱ्या. दुकानात काहीही आणा, हा आधी आतली सर्किटची पाटी उपसणार, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवणार, फुंकर मारणार आणि परत बसवणार. दहातली चार मशीनं तेवढ्यानंच चालू व्हायची आणि माणसं म्हणायची, हात्तिच्या, हे तर आम्हीही केलं असतं. रबऱ्या म्हणायचा, मग करायचं होतं.

हा शिकला कुठं, तर कुठंच नाही. आई लवकर गेली. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, त्याला कडेवर घेऊन वाढवलं. दहाव्या वर्षी गावातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहायला लागला, तो दोन वर्षं नुसताच उभा. म्हातारा हाकलायचाही नाही आणि आतही बोलवायचा नाही. एक दिवस म्हाताऱ्यानं उघडा रेडिओ त्याच्या नाकाखाली धरला आणि विचारलं, “काय जळलंय?” रबऱ्यानं हुंगून बोट ठेवलं. बरोबर निघालं. तेव्हापासून तो आतला झाला. अजूनही तो डोळ्यांआधी नाक लावतो. म्हाताऱ्याचा दुसरा धडा असा, की मालाला दुखतंय कुठं ते शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर बरं झालं कशानं ते देवालाही कळणार नाही.

तर त्यानं एकेक करत बदललं. आधी दुसरा पडदा लावला. विसाव्या मिनिटाला रेघा. मग दुसरी वायर. रेघा. मीटरची सुई लावून वीज मोजली, ती जिथल्या तिथं. मेमरीच्या पट्ट्या काढून घासून बसवल्या. रेघा. बोर्डावरच्या डबीसारख्या कपॅसिटरांची डोकी बोटानं चाचपली, एकही फुगलेला नव्हता. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात गोधडीएवढा धुरळा अडकला होता, तो ब्रशनं काढला. कार्ड उपसून दात घासले, परत बसवलं. या वेळी रेघा पंचविसाव्या मिनिटाला आल्या.

“पाच मिनिटं वाढली,” दाजी म्हणाले. “घासत राहा, संध्याकाळपर्यंत वर्ष निघेल.”

शेवटी रबऱ्यानं आपल्या टेबलावरच्या मशीनमधलं कार्ड काढलं. लोकांचा माल तपासायला ठेवलेलं ते मशीन, आणि त्यातलं ते जुन्या खाचेचं कार्ड म्हणजे त्याचा जीव. आताच्या कार्डांची खाच वेगळी असते, जुन्या खाचेची कार्डं आता कुणी बनवत नाही. ते त्यानं दाजींच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. तास झाला. पडदा धुतलेल्या ताटासारखा स्वच्छ.

“झालं की,” दाजी उठले. “राहू दे हेच.”

“ते माझं आहे, दाजी. त्याच्यावर मी बाकीची मशीनं तपासतो. ते दिलं तर मी आंधळा.”

“हो, तेही खरंच.” दाजी परत बसले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

मग रबऱ्यानं कारखान्याचं कार्ड दिव्याखाली धरलं. मागच्या कोपऱ्यात एक गोल कागद चिकटवलेला होता, तपासून ठीक असल्याचा. असला कागद रबऱ्या कधी लावत नसे. जो माल खरंच तपासलाय त्याला कागद लागत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यानं नखानं तो खरवडला.

खाली तीन पांढरे ठिपके होते. एका ओळीत, तिसरा जरा वाकडा.

ते ठिपके कसले, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

ग्राफिक्स कार्डाच्या मोठ्या चिपखाली मोहरीएवढे डाखाचे, म्हणजे सोल्डरचे, मणी असतात, शेकड्यांनी. कार्ड रोज तापतं, रोज थंड होतं, आणि वर्षांनी त्यातल्या एखाद्या मण्याला केसाएवढी चीर पडते. थंड असताना चीर मिटलेली, तापली की उघडते. तेव्हा रेघा येतात. यावर एक उपाय आहे आणि तो उपाय नाही. गरम हवेच्या बंदुकीनं चिपला शेक द्यायचा. आतलं सगळं जरा हलतं, चीर मिटते, कार्ड चालू. महिना चालेल, तीन महिने चालेल, कधी आठ दिवस. गुडघा दुखणाऱ्या म्हाताऱ्याला शेक दिल्यावर तो दारापर्यंत चालतो, तसं. गुडघा काही नवा होत नाही.

रबऱ्या शेक द्यायचा, पण गिऱ्हाइकाला आधी सांगून. आणि दर शेकाला कार्डाच्या कोपऱ्यात पांढऱ्या शाईचा एक ठिपका घालायचा. दोन ठिपके झाले की पुढचा शेवटचा. तीन ठिपक्यांचं कार्ड पुन्हा बिघडून आलं की परत द्यायचं नाही, लावायचं नाही, पेटीत टाकायचं. हा नियम त्याचा त्यानंच केलेला. पेटी भरली की भंगारवाला यायचा आणि ओतून न्यायचा. आणि इथंच त्याचं चुकायचं. ती कार्डं फोडून द्यायला हवी होती. हातोडीचा एक घाव, बस. पण हा माणूस पाटी फोडू शकत नसे. कुणीतरी एवढं बारीक काम केलेलं असतं, म्हणायचा, आपल्या हातानं कसं फोडायचं? कसायाच्या दारात शेळी नेऊन सोडायची आणि सुरी दिसू नये म्हणून तोंड फिरवायचं, तसलं ते.

“दाजी,” त्यानं मान वर न करता विचारलं, “हे कार्ड कुणी बसवलं?”

“मॅनेजरनं. चार महिने झाले. पहिलं जळलं तेव्हा भंगारवाल्याकडून आणलं. मी म्हटलं, आमचे मेव्हणे आहेत की. तर म्हणाला, तुमचे मेव्हणे प्रश्न फार विचारतात.”

दाजी हसले. दाजींचं हसणं म्हणजे रिकाम्या पिंपात दगड टाकल्यासारखं, चार दुकानं पलीकडं ऐकू जायचं. रबऱ्यानं कार्ड पालथं करून ठेवलं.

“नवा कॉम्प्युटरच का घेत नाही तुमचा मॅनेजर?”

“मशीनच्या तारा ज्या पाटीत येतात, ती पाटी याच डब्यात बसते. बनवणारी कंपनी कधीच मेली. दाब किती, टाकीचं तापमान किती, गॅस कुठं फुटलाय का, सगळं याच्यावर दिसतं. भोंगाही हाच वाजवतो.”

“आणि हा बंद असला तर?”

“मशीनवर काट्याचे गेज आहेत की. एकाची काच फुटलीय, दुसऱ्याच्या आत पाणी गेलंय. दाब वाढला की मशीन आपोआप पाडणारं एक बटणही आहे, पण ते उगाच पडायचं, म्हणून कुणीतरी तारेनं आवळून ठेवलंय.” दाजी उठले, गुडघ्यावर हात मारला. “म्हणून तर सकाळपासून मशीन बंद ठेवून आलोय. मॅनेजर दारात उभा आहे, गिऱ्हाइकं बर्फासाठी रांगेत आहेत, उन्हाळा आहे. दुपारपर्यंत द्या. काय करायचं ते करा.”

दाजी गेल्यावर पुढचं जे झालं ते रबऱ्यानं तेव्हा कुणालाही सांगितलं नाही, अगदी बायकोलाही. त्यानं बंदूक लावली. कार्डाच्या बाकीच्या अंगावर पत्र्याचा तुकडा झाकला, चिप उघडी ठेवली आणि हात गोल फिरवत शेक दिला. तापलेल्या पाटीचा वास आला तशी बंदूक बाजूला केली. थंड होऊ दिलं, पांढरी पेस्ट लावली, पंखा बसवला. चालू केलं. तास गेला, दीड तास गेला. एक रेघ नाही.

पांढऱ्या शाईची बाटली टेबलावरच होती. टोपण काढलं. तिसऱ्या ठिपक्याच्या शेजारी चौथा घालायचा तर हात पुढं जाईना. चौथा ठिपका त्यानं जन्मात घातला नव्हता. त्यानं टोपण लावलं आणि मनाशी म्हटलं, आठ दिवसांचा प्रश्न आहे, तेवढ्यात दुसरं कार्ड शोधून बदलतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही विसरभोळ्या माणसाची म्हण झाली. याला कळसा काखेत आहे हे पक्कं ठाऊक होतं.

कॉम्प्युटर पोचवायला तो स्वतः गेला. कारखान्यात मशीनघराला लागून काचेची एक केबिन होती, तिथं दाजी बसायचे. काचेपलीकडं दोन काळी धुडं धडधडत असायची आणि त्यांच्या नळांवर बर्फाचे पांढरे पापुद्रे चढलेले. मशीन बंद करायचा खटका आत, धुडांच्या पलीकडच्या भिंतीवर. बाहेर जायचा दरवाजा अलीकडं. रबऱ्यानं हे सगळं बघून घेतलं. मग पडद्याच्या कोपऱ्यात, आकड्यांच्या चौकटीवर, त्यानं एक गोल घड्याळ बसवून दिलं, लाल सेकंदकाट्याचं.

“हे कशाला? भिंतीवर आहे की.”

“दाजी, नीट ऐका. हा पडदा काळा पडला तर भ्यायचं कारण नाही, तुम्हाला कळेल. पण चित्र तसंच राहिलं तर कळायचं नाही. दाब बारा दिसत असेल आणि बाहेर वीस झालेला असेल. आतलं सगळंच थांबलेलं असेल, भोंगासुद्धा. म्हणून हा लाल काटा. काटा फिरतोय तोवर कॉम्प्युटर जिवंत. काटा थांबला की पहिलं मशीन बंद.”

“म्हणजे आता मी मशीन सांभाळू, पडदा सांभाळू, का काटा सांभाळू?”

“काटा.”

“बरं बाबा. बायकोपेक्षा जास्त बघतो त्याच्याकडं.”

निघताना तो अक्काकडं गेला. अक्का ओसरीत कपडे घड्या करत होती. तिनं नवऱ्याचा शर्ट हुंगून वेगळा टाकला, ती सवयच होती तिची.

“केलास का रे धाकट्या नीट?”

“केलाय.”

“नीट म्हणजे नीट ना? तुझ्या दाजींचं काय, ते हसण्यावारी नेतात. मागच्या वर्षी त्यांच्या जोडीदाराला काढलं कामावरून, म्हणाले आता कॉम्प्युटर बघतो. दोन माणसांचे चार डोळे होते, त्यातले दोन तुझ्या त्या पडद्यानं खाल्ले. माझा माणूस त्याच्या भरवशावर बसतो तिथं.”

“चहा टाक,” रबऱ्या म्हणाला. चहा त्यानं न पिताच ठेवला. अक्कानं ते पाहिलं आणि कप उचलून नेला.

दुसऱ्या दिवसापासून तो कार्ड शोधायला लागला. पेठेतली सगळी दुकानं पालथी घातली. पलीकडच्या गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडं एक होतं, ते लावून बघितलं तर पहिल्या मिनिटालाच रेघा. एका बंद पडलेल्या छापखान्यात चार जुनी मशीनं होती, चारींची खाच नव्या तऱ्हेची. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी फोन.

“काटा फिरतोय का?”

“फिरतोय. तुम्ही जेवलात का?”

तिसऱ्या दिवशी, “फिरतोय, आणि गाणंही म्हणतोय.” पाचव्या दिवशी, “मेव्हणे, तुम्ही माझ्या तब्येतीची चौकशी केली नाहीत कधी, या काट्याची रोज.” सातव्या दिवशी फोन उचलल्याबरोबरच, “फिरतोय,” आणि ठेवून दिला. म्हणजे काय झालं होतं, तर काट्याकडं बघायचं काम दाजींचं राहिलं नव्हतं, फोनला उत्तर देण्याचं काम झालं होतं. देवळातला घंटा वाजवणारा काही दर वेळी देवाकडं बघत नाही.

रबऱ्याच्या टेबलावरचं मशीन रोज त्याच्यासमोर चालू असे. त्यातलं ते कार्ड. लोकांची मशीनं यायची, तो त्या कार्डावर तपासायचा, एक वेळ अशी जात नसे की नजर तिथं गेली नाही. उद्या काढू, म्हणायचा. या एका मशीनचं झालं की काढू. त्याला झोप लागेनाशी झाली तरी तो म्हणायचा उकाडा आहे.

नवव्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकांची गर्दी होती, फोन राहिला. आठवण झाली तेव्हा त्याच्या मनगटावरच्या घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

“काटा फिरतोय का दाजी?”

“फिरतोय, फिरतोय.” मागून कागदांचा आवाज येत होता. दाजी गाड्यांच्या पावत्या फाडत होते.

“दाब किती आहे?”

“बारा.”

“काल किती होता?”

“कालही… बाराच असेल. का?”

बाहेर ऊन मी म्हणत होतं. अशा उन्हात दाब एका जागी बसत नाही, हे रबऱ्याला गेल्या आठवडाभरात विचारून विचारून कळलं होतं.

“दाजी, पावत्या ठेवा खाली. पडद्यावरच्या घड्याळात किती वाजलेत, तेवढं वाचा.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दाजी म्हणाले, “दहा बेचाळीस.”

फोनमधून मशीनची धडधड येत होती. रोजच्यापेक्षा जड, चिखलातून बैलगाडी ओढल्यासारखी.

“बाहेर पडा, दाजी. आत जाऊ नका. बाहेर पडा आणि मेन लाईनच तोडायला सांगा.”

“मेन तोडायला फाटकापर्यंत जावं लागतं. बर्फ काढणारी चार माणसं आत आहेत.” दाजींच्या आवाजात घाई नव्हती. “आधी खटका पाडतो.”

“दाजी.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपलांचा. मग काचेच्या दाराचा. दाजींची हाक ऐकू आली, “ए, निघा रे सगळे,” पिंपात दगड टाकल्यासारखी. मग धडधड थांबली. रबऱ्यानं श्वास सोडला असेल नसेल, तेवढ्यात एक सूं आवाज सुरू झाला, तो वाढत वाढत किंकाळीएवढा झाला आणि मग फोनमध्ये दुसरं काहीच उरलं नाही.

दुकान उघडं टाकून तो स्कूटरवर बसला. टेबलावर कुणाचं मशीन आहे, कोण समोर उभं आहे, काही पाहिलं नाही.

कारखान्याच्या फाटकाशी पांढरं धुकं जमिनीला धरून सरकत होतं. माणसं ओली फडकी तोंडाला लावून रस्त्याच्या पलीकडं उभी होती. दाजी पाण्याच्या हौदाला टेकून बसले होते आणि दोघं जण त्यांच्या डोक्यावर बादल्या ओतत होते. चारी माणसं बाहेर होती. दाजी शेवटी आले होते, रांगत, शर्ट तोंडावर धरून. डोळे मिटलेले, पापण्या सुजून टोमॅटो झालेल्या. तोंड हलत होतं आणि आवाज येत नव्हता.

पंप बंद पडला होता, असं नंतर कळलं. मशीनला गार ठेवणारं पाणीच थांबलं होतं आणि दाब चढत गेला. खटका पाडला तरी एका जुन्या जोडावरचं वायसर तोवर फाटलं. दोन मिनिटं आधी कळलं असतं तर, असं मॅनेजर म्हणाला. तो दोन मिनिटं म्हणाला. रबऱ्याच्या हिशेबानं अडतीस होती.

धुकं विरल्यावर तो तोंडाला फडकं बांधून केबिनमध्ये गेला. काचेवर पांढरा थर बसला होता. टेबलावर अर्धी फाडलेली पावती, शेजारी फोन. आणि पडदा स्वच्छ. एक रेघ नाही. दाब बारा. गॅसची चौकट हिरवी. दहा बेचाळीस.

दाजी अठरा दिवस दवाखान्यात होते. डोळे वाचले, एक जरा अधू झाला. आवाज गेला तो गेलाच. आता बोलतात ते वाळलेल्या पाल्यावरून कुणी चालल्यासारखं. हसले तर नुसते खांदे हलतात.

अक्कानं दवाखान्याच्या पायऱ्यांवर धाकट्याचा हात हातात घेतला आणि आल्यागेल्याला सांगितलं, “यानं फोन केला म्हणून माझा माणूस आहे. नाहीतर हे पावत्या फाडतच गेले असते.” मॅनेजरही सगळ्यांसमोर म्हणाला, काट्याची युक्ती तुमची, मानलं. रबऱ्या मान खाली घालून ऐकत राहिला. तोंड उघडलं की दुसरंच बाहेर पडेल, म्हणून मिटून ठेवलं. कौतुक पचायला एवढं जड असतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

दाजी घरी आले त्या दिवशी दुपारी अक्का बाहेर गेलेली बघून तो खाटेशी बसला. खिशातून ते कार्ड काढलं आणि पालथं करून दाजींच्या हातावर ठेवलं.

“हे माझे ठिपके आहेत, दाजी. हे कार्ड मीच मेलं म्हणून टाकलं होतं. त्या दिवशी बघताक्षणी ओळखलं मी. सांगितलं नाही. चौथा शेक दिला. माझं चांगलं कार्ड टेबलावर होतं, तासभर तुमच्या डब्यात चाललंही होतं. ते परत काढून घेतलं.”

दाजींनी बऱ्या डोळ्याजवळ कार्ड धरलं. ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. रबऱ्याला वाटलं, आता शिवी येईल. ती आली असती तर बरं झालं असतं.

“बाकीची कुठायत?” दाजी म्हणाले.

“कुठली?”

“तीन ठिपक्यांची.” एवढ्या बोलण्यानंच त्यांना खोकला लागला. तो ओसरेपर्यंत रबऱ्यानं तांब्या धरला. “हे एकच टाकलं होतंस का?”

इतक्या वर्षांत दाजींनी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

तिथून उठून तो आधी कारखान्यात गेला आणि आपल्या मशीनमधलं कार्ड दाजींच्या जागेवरच्या डब्यात बसवून आला. मशीन पाडणाऱ्या बटणावरची तार स्वतः पक्कडीनं तोडली, मॅनेजर बघत असताना. मग भंगारवाल्याकडं. भंगारवाला चहा पीत बसला होता. त्याला विचारलं, आत्तापर्यंत नेलेली कार्डं कुठं गेली.

“कुठं म्हणजे? गेली.”

“तोडायला नाही दिली?”

“जी लावून चालली, ती का तोडायची? तुझी बहुतेक चालतात रे. थंड असताना तर मस्त. तुझ्या हाताचा माल म्हणून लोक मागून नेतात.” त्यानं बशी खाली ठेवली. “पंधरा वर्षं देतोयस, आता कसं आठवणार? दवाखाने नेतात, पंपवाले नेतात. ज्याचं जुनं मशीन अडलंय तो नेतो.”

दुकानात येऊन रबऱ्यानं पेटी ओतली. अकरा कार्डं होती. त्यानं हातोडी घेतली आणि एकेक फरशीवर ठेवून फोडलं. चिपा भाजलेल्या दाण्यांसारख्या उडाल्या. शेजारच्या शिंप्यानं मान वाकवून बघितलं आणि शिलाईमशीन परत सुरू केलं.

आता रबऱ्याचं टेबलावरचं मशीन आंधळं आहे. कुणाचं जुनं कार्ड आलं तर तपासायला त्याच्याकडं दुसरं नाही, तो हुंगून आणि मीटरवर सांगतो तेवढंच. शेक देत नाही. गिऱ्हाइकं कमी झाली, म्हणतात रबऱ्या म्हातारा झाला, आता कॉम्प्युटर उघडला की आधी टॉर्च मारून कार्डाची पाठच बघत बसतो. आतापर्यंत त्याला दोन सापडली. एक वाचनालयात, एक पिठाच्या गिरणीत. दोन्ही त्यानं तिथंच फोडली आणि माणसांनी त्याच्याशी भांडण काढलं.

परवा सकाळी पाण्याच्या टाकीवरचा माणूस आला, सगळ्या वस्तीला पाणी सोडणारा. खांद्यावरनं जुना डबा उतरवून त्यानं टेबलावर ठेवला आणि घाम पुसला.

“बघा जरा. पडद्यावर रेघा येतात मधनंमधनं. फार नाही, चालतंय तसं. पण पाण्यात औषध किती पडतंय ते याच्यावरच दिसतं, म्हणून म्हटलं दाखवावा.”

“उभ्या का आडव्या?”

“उभ्या.”

“चित्र थांबतं कधी? आहे तसंच?”

“थांबतं की. मग चापट मारतो मी एक.”

“कार्ड कुठून आणलेलं?”

“कुणास ठाऊक. माझ्या आधीच्या माणसानं बसवलंय.”

रबऱ्यानं त्याला स्टूल दिलं. डब्याचे चार स्क्रू काढून वाटीत टाकले, पत्रा सरकवून बाजूला उभा केला, आणि खणातून टॉर्च काढून आत वाकला.